निःस्व आणि निःस्वार्थ : ख्रिस्ती प्रीतीविषयी एक विचार

ख्रिस्ती धर्मविचारात उपासना, आचार आणि लोकसेवा ही तिन्ही अंगे ज्या एका शब्दाला येऊन मिळतात, तो शब्द मराठी बायबलमध्ये ‘प्रीती’ असा आला आहे. मराठी वाचकाला हा शब्द नाट्यपदांतून आणि भावगीतांतून अधिक परिचयाचा असून तेथे तो बहुधा स्त्री-पुरुषांच्या अनुरागापुरता राहतो. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळीत (‘मंडळी’ म्हणजे श्रद्धावंतांचा संघ, ज्याला अन्यत्र ‘चर्च’ म्हणतात) तोच शब्द आजाऱ्याचे अंथरूण बदलणे, पोरक्याला घरात घेणे, वैऱ्यासाठी प्रार्थना करणे अशा कामांच्या संदर्भात उच्चारला जातो. एकाच भाषेत एकाच शब्दाची अशी दोन आयुष्ये असणे ही लहानसहान गोष्ट नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या आयुष्याचा आहे, आणि त्यातही एका नेमक्या प्रश्नाचा: या प्रीतीला ‘निःस्वार्थ’ म्हणताना त्यातील ‘स्व’चे काय होते?

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील शब्द ‘अगापे’ हा आहे. प्रेमासाठी ग्रीक भाषेत इतरही शब्द होते: ‘एरोस’ म्हणजे आपल्याला जे उणे आहे त्याची ओढ, ‘फिलिया’ म्हणजे मैत्री, ‘स्टोर्गे’ म्हणजे आईबाप व लेकरे यांच्यातील माया, आणि ‘अगापे’ म्हणजे समोरच्याची लायकी न पाहता त्याचे हित इच्छिणारी व त्यासाठी झिजणारी प्रीती, अशी मांडणी प्रवचनांतून नेहमी केली जाते. ही मांडणी उपयोगी आहे, पण ती जशीच्या तशी खरी मानणे योग्य नाही. इब्री शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, ज्याला ‘सत्तरांचे भाषांतर’ म्हणतात, दावीदाचा मुलगा अम्नोन याला आपली सावत्र बहीण तामार हिच्याविषयी जी वासना झाली आणि जिचा शेवट बलात्कारात झाला, तिच्यासाठीही हाच शब्द वापरला आहे. म्हणजे शब्द जन्मतः पवित्र नव्हता. ज्या कृत्यांसाठी पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांनी तो वापरला, त्या कृत्यांनी त्याला त्याचा अर्थ दिला. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे जे प्रसिद्ध वर्णन आहे, त्यात मूळ ग्रीकमध्ये लागोपाठ पंधरा क्रियापदे आली आहेत. भाषांतरांत त्यांपैकी काहींची विशेषणे झाली आणि त्यामुळे वाचणाऱ्याला तो एका सद्गुणी मनाचा आरसा वाटू लागला. मुळात ती प्रीती काय करते आणि काय करत नाही याची नोंद आहे.

आता ‘निःस्वार्थ’ या शब्दाकडे वळावे लागते, कारण गोंधळ तेथे अधिक आहे. संस्कृतातून मराठीत आलेले दोन शब्द दिसायला जवळचे आहेत. ‘निःस्व’ म्हणजे ज्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच उरलेले नाही असा, म्हणजेच दरिद्री. ‘निःस्वार्थ’ म्हणजे ज्याला स्वतःचा लाभ साधायचा नाही असा. पहिला शब्द स्थिती सांगतो आणि बहुतेक वेळा ती स्थिती दुसऱ्याने लादलेली असते. दुसरा शब्द निवड सांगतो, आणि निवड करण्यासाठी निवडणारा शिल्लक असावा लागतो. धर्माच्या नावाने सेवेचा उपदेश करणाऱ्यांनी, ख्रिस्ती असोत वा अन्य, या दोन शब्दांमधली सीमारेषा वारंवार पुसून टाकली आहे. ज्यांना घरात किंवा समाजात काही स्वत्व ठेवू दिलेले नाही, त्यांच्याकडून करवून घेतलेल्या कष्टांना ‘निःस्वार्थ सेवा’ म्हणायचे आणि त्या नावाने त्यांचे तोंड बंद करायचे, हा प्रकार फार जुना आहे.

विसाव्या शतकातील धर्मशास्त्रात हा वाद उघडपणे लढवला गेला. स्वीडनमधील लूथरपंथी धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात ‘अगापे आणि एरोस’ या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की ख्रिस्ती प्रीती ही सर्वस्वी वरून खाली येणारी, समोरच्यात काही मोल आहे म्हणून नव्हे तर समोरच्याला मोल देणारी असून स्वतःवरील प्रेमाला तिच्यात स्थान नाही. नीग्रेन यांच्या मांडणीत मोठी शक्ती होती. दयेमागे लपलेला अहंकार तिने उघडा पाडला. परंतु १९६० मध्ये अमेरिकेतील व्हॅलरी सेव्हिंग यांनी एका लेखात दाखवून दिले की गर्व हेच मूळ पाप आणि आत्मविलोपन हीच मुक्ती असे म्हणणारे धर्मशास्त्र बव्हंशी पुरुषांच्या अनुभवातून आलेले आहे. स्त्रीचा मोह बहुधा याच्या उलट, म्हणजे इतरांच्या गरजांत स्वतःला इतके विरघळवून टाकणे की देण्यासारखी व्यक्तीच मागे राहत नाही, असा असतो. हा आक्षेप मराठी वाचकाने विशेष गांभीर्याने घ्यावा असा आहे. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ असा जो आदेश मोशेच्या नियमशास्त्रातील लेवीय या पुस्तकातून येशूने उचलला, त्यात ‘स्वतःसारखी’ हे माप आधीच धरलेले आहे, हे नीग्रेन यांच्या वाचनात मागे पडते.

येशूच्या कृतीत हे माप कसे दिसते, त्याचे सर्वांत नेमके चित्र योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. (‘शुभवर्तमान’ म्हणजे येशूचे चरित्र व शिकवण सांगणारा ग्रंथ, नव्या करारात अशी चार आहेत.) वधस्तंभाच्या आदल्या रात्री भोजन चालू असताना येशू उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. धुळीच्या रस्त्यांवरून चपला घालून चालणाऱ्या त्या समाजात पाय धुणे हे गुलामाचे काम होते, आणि म्हणूनच पेत्र हा शिष्य पाय मागे घेतो. हे सर्व परिचित आहे. परंतु त्या कृतीच्या अगोदर शुभवर्तमानकाराने घातलेले वाक्य सहसा कोणी थांबून वाचत नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असताना तो उठला, असे ते वाक्य सांगते. आपण कोण आहोत हे पक्के ठाऊक असलेला मनुष्य खाली वाकतो, तेव्हाच त्या वाकण्याला प्रीती हे नाव शोभते. त्याच शुभवर्तमानात अन्यत्र येशू म्हणतो की त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो स्वतःहून देतो. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने ज्याला ख्रिस्ताचे ‘रिक्त होणे’ म्हटले आहे, ग्रीकमध्ये ‘केनोसिस’, तेही याच अर्थाचे आहे. रिते होण्यासाठी आधी भरलेले असावे लागते.

दुसरा दाखला लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा आहे, आणि तो इतका सांगितला गेला आहे की त्याचा उत्तरार्ध जवळजवळ ऐकूच येत नाही. यरुशलेमेहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवेकरी, ओलांडून जातात, आणि यहुदी ज्यांना बाटगे समजत त्या शोमरोनी लोकांपैकी एक जण थांबतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालतो, कारण त्या काळी एक दाह शमविण्यासाठी आणि दुसरा जखम धुण्यासाठी वापरत. पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि रात्रभर काळजी घेतो. पण सकाळी तो निघून जातो. जाताना उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगतो. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही, आपले कामकाज बुडवले नाही, आणि जखमीला जन्मभर आपल्या उपकाराखाली ठेवले नाही. त्याने दुसऱ्या माणसाला कामात सामील करून घेतले, त्याचे मोल चुकते केले आणि हिशेब मोकळा ठेवला. रखवालदाराला कोणी संत म्हटलेले नाही, पण त्याच्याविना गोष्ट पुरी होत नाही. काळजी ही वाटून घेण्याची गोष्ट आहे, हे या दाखल्यात स्पष्टपणे आहे.

आरंभीच्या मंडळीने हे वाटून घेणे लवकरच शिकून घेतले, आणि तेही एका भांडणातून. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीतील तक्रार नोंदलेली आहे: रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी या कामासाठी सात जण निवडायला सांगितले. या अन्नसेवेसाठी वापरलेला ‘डायकोनिया’ हा शब्द मुळात पंगतीत वाढण्याचा आहे आणि त्यावरूनच मंडळीतील ‘डीकन’ हे सेवकपद आले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच लोकांच्या हाती वाढण्याचा डाव देण्यात आला. प्रीती कशी असावी याविषयी पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले, पण पहिल्या मंडळीच्या या एका व्यवहारी निर्णयाइतके शहाणपण त्यांतील थोड्यांतच आहे. पुढे चौथ्या शतकात, ३६९ च्या सुमारास कप्पदुकिया प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा बासिल या धर्मगुरूने श्रीमंतांची धान्यकोठारे उघडवली आणि कैसरिया नगराबाहेर गरीब, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी निवास व रुग्णालय उभारले. त्याच शतकात, ३६१ ते ३६३ या काळात राज्य करणारा रोमी सम्राट जुलियन ख्रिस्ती धर्माचा विरोधक असूनही आपल्या पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात हे लोक स्वतःच्याच नव्हे तर इतरांच्याही गरिबांना पोसतात अशी खंत व्यक्त करतो आणि धर्मशाळा काढण्याची आज्ञा देतो.

यरुशलेमेतील त्या उपेक्षित विधवांपासून एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील विधवांपर्यंत येताना काळाचे अंतर मोठे असले तरी प्रश्न तोच राहतो. उच्चवर्णीय घरातील बालविधवेचे केशवपन होई, तिला आलवण नेसावे लागे, एकभुक्त राहावे लागे, आणि घरातील पाणी भरण्यापासून बाळंतिणीच्या सेवेपर्यंत सर्व कामे तिच्या वाट्याला येत. या कष्टांचे वर्णन ‘सेवाधर्म’ असे केले जाई. वर जी सीमारेषा सांगितली, ती पुसली जाण्याचे याहून क्रूर उदाहरण शोधावे लागणार नाही: निःस्व करून टाकलेल्या मुलीला निःस्वार्थ म्हणून गौरवायचे. या व्यवस्थेवर ख्रिस्ती प्रीतीच्या नावाने ज्या स्त्रीने सर्वांत खोल घाव घातला, त्या पंडिता रमाबाई यांचे कार्य या विषयाची कसोटी पाहण्यास विशेष उपयोगी आहे, कारण त्यांनी सेवा आणि स्वत्व यांना एकमेकांपासून तोडले नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. तीर्थाटन करणाऱ्या या कुटुंबाला १८७० च्या दशकातील दुष्काळाने गाठले. १८७४ मध्ये वडील उपासमारीने गेले आणि थोड्याच दिवसांत आईही. आईच्या अंत्यविधीचा प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे आणि त्यांच्या साऱ्या पुढल्या आयुष्याच्या तळाशी तो असावा असे वाटते. परक्या गावी प्रेत उचलायला कोणी येईना. कसेबसे दोघे ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. सोळा वर्षांच्या रमाबाईंची उंची इतर तिघांच्या खांद्याला पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला. ज्या समाजात मुलीने खांदा देणे हेच अघटित, तेथे डोक्यावर आईची तिरडी घेऊन तीन मैल चाललेल्या मुलीला भुकेने मरणाऱ्यांविषयी पुढे कोणाकडून काही शिकावे लागले नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये पती निवर्तले आणि तान्ही मनोरमा हाती राहिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे लंडनजवळच्या फुलम येथे पाहिलेले भगिनींचे एक काम होते, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकले होते अशा स्त्रियांची तेथे निगा राखली जात होती, त्यांना पुन्हा उभे केले जात होते. अशा स्त्रियांविषयी धर्माच्या नावाने कोणी एवढी माया करू शकते हे रमाबाईंनी त्यापूर्वी कोठे पाहिले नव्हते. त्यांनी कारण विचारले तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. येथे हे लक्षात ठेवावे की रमाबाईंनी या प्रीतीपुढे आपली बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे मतभेदांचा एक दीर्घ दस्तऐवज आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची तयारी नाही, असे त्यांनी आपल्याला मायेने वागवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवले. त्या भगिनींविषयी रमाबाई कृतज्ञ होत्या, पण निःस्व झाल्या नाहीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. विधवांना शिक्षण देणाऱ्या या संस्थेत मुलींना आपापले धर्माचार पाळण्याची मोकळीक होती. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि बाया कर्वे या नावाने त्यांनी पुढे कर्व्यांच्या हिंगणे येथील विधवाश्रमासाठी दारोदार फिरून निधी जमवला. बाया ख्रिस्ती झाल्या नाहीत. रमाबाईंच्या कार्याचे खरे माप येथे सापडते: ज्या मुलीला त्यांनी उभे केले ती त्यांच्या धर्मात आली नाही, त्यांच्या संस्थेत राहिली नाही, तरीही ती इतर विधवांना उभे करू लागली.

१८९३ मध्येच मोठा वाद झाला. रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. या कारणावरून धर्मांतराचा आरोप झाला, सल्लागार मंडळावरील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ मुलींना काढून नेण्यात आले. हा वाद केवळ प्रतिपक्षाचा द्वेष म्हणून बाजूला सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेवा करणाऱ्याची श्रद्धा आणि सेवा घेणाऱ्याचे स्वातंत्र्य यांच्यातील ताण हा ख्रिस्ती प्रीतीपुढचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. उपाशी मुलाने अन्नदात्याचा देव स्वीकारला तर त्या स्वीकाराला पूर्ण स्वेच्छा म्हणता येईल काय? रमाबाईंनी पुढे केडगाव येथे काढलेल्या मुक्ती सदनात, जेथे दुष्काळातून आलेल्या बहुसंख्य मुली होत्या आणि वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते, हा प्रश्न शारदा सदनापेक्षा अधिक तीव्र होतो. आपल्याला मिळालेले सर्वांत मोलाचे द्रव्य दुसऱ्यापासून लपवून ठेवणे रमाबाईंना अप्रामाणिक वाटत होते हे खरे. पण देणाऱ्याच्या मनाची शुद्धता हा घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा पुरावा होत नाही हेही तितकेच खरे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी ज्यांना धन्य म्हटले जाते ते चकित होऊन विचारतात की प्रभूला भुकेला पाहून त्यांनी कधी अन्न दिले. आपण कोणाचे काम करतो आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्या अज्ञानातच निःस्वार्थतेची हमी आहे: पुण्याची नोंद नाही आणि अनुयायांचीही मोजदाद नाही. ख्रिस्ती संस्थांनी आपला इतिहास या अध्यायाच्या उजेडात वाचावा, मग त्यातून काहीही अप्रिय निघो.

तथापि मुक्ती सदनाकडे केवळ या एका प्रश्नाच्या फटीतून पाहणे अन्यायाचे ठरेल. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. आपल्या आईबापांच्या मरणाची आठवण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले असता सरकारी प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची होणारी दैना त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर केली आणि सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. दुखणेकऱ्याला पाणी पाजणे आणि त्याच्यासाठी भांडणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. पुढच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, केडगावच्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. तेथे निराधार व फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, आंधळ्यांसाठी बार्तीमय या शुभवर्तमानातील अंध भिकाऱ्याच्या नावाचे बार्तीमी सदन होते, आणि वृद्ध व विकल स्त्रियांच्या घराचे नाव प्रीती सदन. नाटकातील पदांत रमणारा तो शब्द येथे ज्यांना उठताही येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या दारावर लागला.

मुक्ती सदनाची रीत मात्र नावांपेक्षा अधिक बोलकी आहे. आलेल्या मुलीला आधी खाऊ घालायचे, तिच्या अंगावरची खरूज आणि डोक्यातल्या उवा काढायच्या, तिला झोपू द्यायचे; आणि ती सावरताच तिच्या हाती काम व पाटी द्यायची. शेती, विणकाम, स्वयंपाक, दुभती जनावरे, तेलाची घाणी, बालसंगोपन, रुग्णसेवा, आणि मुद्रणालय. मुद्रणालयाविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. खिळे जुळवण्याच्या कामात शिशाचे एकेक अक्षर खणांच्या पेटीतून उचलून हातातल्या साच्यात उलटे लावावे लागे. देवनागरीची मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खणांची संख्या रोमन लिपीच्या कितीतरी पट. अक्षरओळख नसलेल्या, काही काळापूर्वी पालापाचोळा खाऊन जगलेल्या मुली येथे प्रथम सुलटी अक्षरे शिकल्या आणि मग उलटी. बार्तीमी सदनात मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली, आणि आंधळ्या स्त्रिया सहा टिंबांच्या खुणांवरून बोट फिरवत वाचू लागल्या व इतरांना शिकवू लागल्या. दयेची पात्र म्हणून आत आलेली बाई काही महिन्यांत दुसऱ्या बाईची शिक्षिका, परिचारिका किंवा स्वयंपाकीण होई; दोन हजारांचा संसार एरवी चाललाही नसता. यरुशलेमेच्या मंडळीने तक्रारकर्त्यांच्याच हाती वाढप दिले होते. केडगावात तेच घडत होते, बहुधा कोणी त्या अध्यायाचा हवाला न देता.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे इब्री आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्यांना समजावे म्हणून हे भाषांतर व्हायचे होते, त्यांच्याच हातांनी ते जुळवले, तपासले, छापले आणि बांधले गेले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, काम हातावेगळे होताच रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या इतिहासावरून आजच्या मराठी ख्रिस्ती जीवनाकडे पाहिले तर एक उणीव ठळकपणे दिसते. मिशनच्या काळात उभी राहिलेली रुग्णालये, कुष्ठाश्रम आणि वसतिगृहे यांचा मंडळ्यांना सार्थ अभिमान आहे. परंतु मंडळीच्या सभासदांच्या घरात, बंद दाराआड, जी काळजी घेतली जाते तिच्याकडे त्याच मंडळ्यांचे लक्ष फारसे जात नाही. अर्धांगवायूने खिळलेले सासरे, स्मृतिभ्रंश झालेली आई, जन्मतः विकल मूल यांची शुश्रूषा बहुतेक घरांत एकच स्त्री वर्षानुवर्षे करते. दर दोन तासांनी कूस बदलवणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून अंग पुसून कोरडे करणे, चमच्याने भरवणे, रात्री चार वेळा उठणे. या कामात रविवारची उपासनाही हुकते आणि हळूहळू तिचे नाव मंडळीच्या बोलण्यातूनही नाहीसे होते. कोणी आठवण काढलीच तर तिच्या निःस्वार्थ सेवेची वाखाणणी होते. ती वाखाणणी ऐकताना आलवण नेसलेल्या त्या बालविधवेची आठवण यायला हवी. ज्या प्रीतीला नाही म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही, ती प्रीती आहे की सक्ती, हे त्या बाईला स्वतःलाही सांगता येणार नाही. आणि ती सांगू शकावी, एवढे स्वत्व तिला परत मिळवून देणे हे मंडळीचे काम आहे.

ते करण्यासाठी नवी इमारत किंवा परदेशी निधी लागत नाही. प्रत्येक मंडळीने आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे आणि त्याची निगा कोण राखते याची यादी करावी. पहिल्या मंडळीप्रमाणे सात जण निवडावेत, आणि त्यांत पुरुष असावेत, कारण वाढण्याचे काम मुळात पुरुषांवर सोपवले गेले होते. स्वतः अशी शुश्रूषा केलेली एखादी व्यक्तीही त्यांत असावी. या सात जणांनी पाळीपाळीने त्या घरी जाऊन आठवड्यातून एक दुपार आजाऱ्यापाशी बसावे, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्या बाईला बाजारात जाता येईल, झोपता येईल किंवा उपासनेला येऊन बसता येईल. हे काम ज्या मंडळीला पुढल्या रविवारपासून सुरू करता येण्यासारखे आहे, तिने ते पुढल्या रविवारपासूनच सुरू करावे.